प्रमाणित जीभ

उजुंगलेगी गावात गेली साडेतीनशे वर्षं अप्रशिक्षित माणसं मासे वाढवत आहेत, ही गंभीर बाब त्या वर्षी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या मत्स्य-प्रशिक्षण कार्यालयाच्या निदर्शनास आली. इतकी वर्षं ती निदर्शनास का आली नाही, हे शोधायला एक समिती नेमण्यात आली. समितीनं चार महिन्यांनी अहवाल दिला, की निदर्शनास आणून देण्यासाठी लागणारा प्रशिक्षित माणूस गावात उपलब्ध नव्हता.

मग गावच्या कचेरीबाहेर नोटीस लागली. येत्या रमजानपासून गावच्या मालकीची तळी फक्त 'शाश्वत मत्स्यसंवर्धन कुशल कामगार' असं प्रमाणपत्र असलेल्यालाच भाडेपट्ट्यानं मिळतील. शाश्वत म्हणजे काय, ते तळटीपेत दिलं होतं: जे पुढच्या पिढ्यांनाही पुरेल ते. आमच्या तळ्याची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं बांधातलं लाकडी फाटक, माझ्या पणजोबांनी बसवलेली. तेव्हा पुढच्या पिढ्या म्हणजे आम्हीच. पण तळं आम्हाला पुरलं होतं याचा लेखी पुरावा आमच्याकडे नव्हता.

माझे वडील, तारमुजी, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मी त्यांना बापाक म्हणत असे. दोन तळी, त्यांत बांदेंग मासा, बांधावर तिवराची झाडं. बाहेरचं खाद्य नाही, औषध नाही. दर वर्षी तळं उपसून उन्हात वाळवायचं, चिखलाला हाताचा पंजा उभा मावेल एवढ्या भेगा पडल्या की पाणी घ्यायचं, तळाशी शेवाळाचा थर धरला की बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, सोडायची. मासा शेवाळ खातो, माणूस मासा खातो, आणि उरलेला वेळ बांधावर बसून दोघं एकमेकांकडे बघतात. ही पद्धत शाश्वत आहे असं बापाकना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते ती बिनदिक्कत वापरत.

पाण्याचा खारटपणा ते जिभेनं बघत. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटायचे, डावीकडे थुंकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. पाणी अळणी असलं तर 'मयताघरचा सोतो'. सोतो म्हणजे आमच्याकडचा कोंबडीचा पातळ रस्सा. ज्या घरी मयत झालं तिथे बायका रस्सा करतात, पण मीठ घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी बरोबर असलं तर 'लग्नघरचा सोतो', कारण तिथे चार जणी चाखून बघतात. आणि फार खारट असलं तर 'लग्नाळू पोरीचा सोतो'. जिच्या हातून मीठ जास्त पडतं तिला नवऱ्याची घाई झालीय, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मयताघरचं पाणी झालं की उघाडी उघडून समुद्र आत घ्यायचा, लग्नाळू झालं की पावसाची किंवा ओढ्याची वाट बघायची. शेजारच्या तळ्याचे लिक कोसिम, म्हणजे माझे मानलेले काका, रोज सकाळी बांधावरून ओरडून विचारायचे, "काय रे तारमुजी, आज कुणाच्या घरी जेवलास?"

आता प्रमाणपत्र मिळालं नाही तर आमची दोन्ही तळी हाजी मुक्सिनकडे जाणार होती. हाजी मुक्सिन लग्नाचे मांडव भाड्यानं देतात. त्यांनी प्रमाणपत्र पहिल्याच तुकडीत मिळवलं, कारण पहिल्या तुकडीचा मांडव त्यांचा होता. तळी मिळाली की ती बुजवून तिथे मासळीचं हॉटेल काढायचा त्यांचा विचार होता, आणि त्यासाठी लागणारा मासा ते बाहेरून आणणार होते. त्या दिवशी संध्याकाळी बापाक पणजोबांच्या उघाडीला नव्यानं डांबर फासत बसले. मी तालुक्याच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. लांबलचक रजा टाकली आणि घरी आले.

"तू कशाला आलीस, न्दुक?" बापाक म्हणाले. आमच्याकडे मुलीला न्दुक म्हणतात. "परीक्षा माझी आहे."

"अभ्यास घ्यायला."

"मी माशांचा अभ्यास करू? ते काय म्हणतील?"

अभ्यासाचं पुस्तक आलं तेव्हा मात्र दोघांनाही बसून घ्यावं लागलं. पुस्तकाचं चौथं प्रकरण 'पारंपरिक समजुती' या नावाचं होतं, आणि त्यातली प्रत्येक समजूत बापाकची होती. दोन वर्षांपूर्वी गालिह नावाचा एक तरुण अधिकारी पाहणीसाठी आमच्या तळ्यावरच्या झोपडीत तीन आठवडे राहिला होता. बापाकनी त्याला चिखल हुंगायला शिकवलं, भात वाढला, दोनदा पाण्यातून ओढून काढलं. तो सगळं वहीत लिहून घेत असे. आता ते छापून आलं होतं. चिखलातल्या भेगांचा पंजा सेंटिमीटरमध्ये होता. लग्नघरच्या सोतोचा आकडाही निघाला होता: हजारात पंधरा भाग. आणि शेवटी ठळक अक्षरात सूचना होती, 'पाणी जिभेने तपासणे ही अशास्त्रीय व आरोग्यास अपायकारक प्रथा असून ती बंद करण्याबाबत कामगारांचे प्रबोधन करावे.'

बापाकनी ते पान दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "पोरगं हुशार आहे. पंजा बरोब्बर मोजलाय."

प्रशिक्षण पाच दिवसांचं, निवासी होतं. निवासी प्रशिक्षण तळ्यापासून किमान शंभर किलोमीटरवर घ्यावं, असा नियम होता, नाहीतर त्याला निवासी म्हणता येत नसे. त्यामुळे चाळीस तळेवाल्यांना बसमधून डोंगरातल्या थंड हवेच्या गावी नेण्यात आलं. पहिल्या दिवशीचा विषय होता 'तळे एक दिवसही नजरेआड का करू नये'. पाच दिवस तळी आम्ही बायकांनी सांभाळली. पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की पाण्यात उतरून काठीनं पाणी बडवायचं, भरती बघून उघाडी उघडायची. आम्ही सगळ्या अप्रशिक्षित असल्यामुळे एकही मासा मेला नाही.

तिकडे काय घडलं ते लिक कोसिमनी परत आल्यावर सांगितलं. जेवणात रोज कोंबडी होती, कारण हॉटेलातला मासा शाश्वत तळ्यातून आल्याचा दाखला स्वयंपाक्याकडे नव्हता. चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. गावातून पाच बरण्या भरून पाणी नेलं होतं. खारटपणा मोजायची यंत्रं नवीकोरी होती, पण नवं यंत्र आधी माहीत असलेल्या पाण्यावर लावून घ्यावं लागतं, आणि त्या माहीत असलेल्या पाण्याच्या बाटलीची खरेदी पुढच्या आर्थिक वर्षात धरली होती. सकाळी नाश्त्याच्या वेळी गालिह बरण्या घेऊन बापाकजवळ येऊन बसला.

"पाक तारमुजी," आमच्याकडचं आदराचं 'पाक' लावत तो हळूच म्हणाला, "जरा बघता का?"

बापाकनी डोळे मिटले, चाखलं, कुंडीत थुंकले. "ही लग्नघरची."

गालिहनं यंत्राचा स्क्रू पिळला आणि काटा पंधरावर आणला. एक एक करत त्यानं चाळीस यंत्रं अशी लावून घेतली. दुपारी त्याच बरण्यांवर परीक्षा झाली. बापाकनी पहिली बरणी चाखली आणि कागदावर पंधरा लिहिलं. यंत्रानंही पंधराच दाखवलं. परीक्षकांनी बापाकना शून्य गुण दिले.

"तुम्ही यंत्र वापरलं नाहीत," परीक्षक म्हणाले.

"सकाळी यंत्रानं मला वापरलं," बापाक म्हणाले. "मला वाटलं फिटंफाट झाली."

"उत्तर बरोबर आहे हो. पण ते कुठून आलं, ते बरोबर नाही."

"हे तर माझ्या बायकोच्या बापानंही माझ्याबद्दल म्हटलं होतं," लिक कोसिम मागून म्हणाले, आणि शिस्तभंगाचे त्यांचेही पाच गुण गेले. तरी ते पास झाले. चाळीसपैकी एकोणचाळीस पास झाले. नापास झालेला एकटा तो माणूस होता, ज्याच्यावरून उत्तरपत्रिका तपासल्या होत्या.

फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती, रमजान पाच महिन्यांवर. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी बापाकना यंत्र कसं धरायचं ते शिकवलं, आणि ते शिकलेही. पण मधल्या काळात लेखातपासणी आली.

लेखातपासनीस हा प्राणी काहीही चाखत नाही, फक्त मोजतो. त्यांनी विचारलं, प्रमाण-द्रावणाची बाटली खरेदीच केली नाही, तर यंत्रं कशावर लावली? दुसरा कुणी असता तर तो बाटली फुटली असं सांगून मोकळा झाला असता. गालिह प्रामाणिक निघाला. प्रामाणिक माणूस कार्यालयात असला की काय अनर्थ होतो, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यानं खरं ते लिहून दिलं. तपासनिसांनी खरं ते नियमात बसवलं. आणि साठा-नोंदवहीत, दोन छपाईयंत्रं आणि एक पाण्याचा पंप यांच्याखाली नोंद झाली: 'संदर्भ उपकरण क्रमांक जी-१. जीभ, मानवी. एक नग. स्थिती: चालू.'

आठवड्याभरात घरी पत्र आलं. उपकरणाची निगा राखण्याबाबतच्या सूचना होत्या. उपकरणावर मिरचीचा ठेचा घेऊ नये. लवंगेची सिगारेट ओढू नये. फार गरम कॉफी ओतू नये. वर्षातून एकदा तपासणीसाठी उपकरण कार्यालयात सादर करावं. सोबत चांदीच्या रंगाचा क्रमांक-पट्टा पाठवला होता, तो उपकरणाच्या दर्शनी भागावर चिकटवायचा होता. बापाक इतके हसले की त्यांना ठसका लागला. पट्टा त्यांनी सदऱ्याच्या खिशावर लावला.

शेवटची सूचना मी वाचून दाखवली नव्हती. ती त्यांनी स्वतः वाचली. 'संदर्भ उपकरण हे केवळ इतर यंत्रे लावण्यासाठी असून त्याचा प्रत्यक्ष तळ्यावर वापर करण्यास सक्त मनाई आहे.'

"म्हणजे माझ्या तळ्याचं पाणी मी चाखायचं नाही?"

"असं लिहिलंय."

"मग कुणी चाखायचं?"

"यंत्रानं."

"यंत्राला कोण सांगणार?"

"तुम्ही."

त्यांनी पत्राची घडी घातली. "ठीक आहे," ते म्हणाले. "निदान मधे एक माणूस तरी आहे."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी जीप येई. जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रांची खोकी पडवीत उतरत. बापाक अंघोळ करून, सदऱ्याला पट्टा लावून बसत, आणि बरणीमागून बरणी चाखून गालिहला सांगत. बाहेर त्यांची भरपूर थट्टा होई. लिक कोसिम रस्त्यात त्यांना अडवून म्हणायचे, "ए सरकारी मालमत्ता, उन्हात फिरू नकोस, गंजशील." पण मी घरात होते म्हणून मला माहीत आहे: पन्नास वर्षं ओढलेली लवंगेची सिगारेट त्यांनी एका दिवसात सोडली. ठेचाही सोडला. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "जिल्हाभराचे मासे आहेत, न्दुक." साऱ्या कार्यालयात ती नोंद खरी मानणारा माणूस तो एकच होता, आणि तो कार्यालयात नव्हता.

फेरपरीक्षेचा अर्ज मात्र परत आला. शेरा होता: 'उपकरणास उमेदवार म्हणून बसता येणार नाही.'

मी बू पुर्वान्तींना, म्हणजे पुर्वान्तीबाईंना, भेटायला गेले. त्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर काचेच्या हंडीत एक सोनेरी मासा होता. हंडीतलं पाणी हिरवं झालं होतं.

"बसा, म्बाक विनार," त्या म्हणाल्या. म्बाक म्हणजे ताई. मी त्यांच्यापेक्षा लहान असले तरी अर्ज घेऊन येणारी प्रत्येक बाई तिथे म्बाक असते. "तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला फार आदर आहे. आमच्याकडचं ते सर्वांत अचूक उपकरण आहे."

"त्यांना परीक्षेला बसू द्या. तळी जातील आमची."

"कसं बसू देणार? परीक्षेतली यंत्रं त्यांच्यावर लावलेली. उद्या कुणी म्हणेल, उमेदवारानं स्वतःचीच उत्तरं तपासली."

"मग त्यांना उपकरणातून काढा."

"त्यासाठी पर्यायी उपकरण लागतं."

"प्रमाण-द्रावणाची बाटली?"

"ती आता मंजूर होणार नाही. उपकरण उपलब्ध असताना खरेदी कशासाठी, असं विचारतील." त्यांनी माझ्याकडे खरोखर सहानुभूतीनं पाहिलं. "उपकरण बाद करायचं तर एकच मार्ग आहे. ते दुरुस्तीपलीकडे बिघडायला हवं. ते तर ठणठणीत आहे, अल्हमदुलिल्लाह."

घरी आल्यावर मी बापाकना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दाम चुकीचं सांगू का एकदा? चार चुका केल्या की काढून टाकतील."

"सांगा ना."

त्या पंधरवड्याला जीप आली. मी दारामागे उभी होते. बापाकनी पहिली बरणी चाखली, पुन्हा चाखली. गालिह स्क्रूवर हात ठेवून वाट बघत होता.

"लग्नघरची," बापाक म्हणाले. ती लग्नघरचीच होती.

रात्री जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंडातून निघेना गं."

रमजानला पस्तीस दिवस उरले होते तेव्हा, एका मंगळवारी सकाळी, भरती चढत असताना, बापाक उघाडीजवळ गेले. लिक कोसिमनी नेहमीसारखं बांधावरून विचारलं, आज कुणाच्या घरी जेवलास? उत्तर आलं नाही म्हणून ते बघायला आले. बापाक उघाडीला पाठ टेकून बसले होते. हनुवटी ओली होती. म्हणजे त्यांनी नियम मोडला होता. निकाल काय होता, ते कुणालाच कळलं नाही.

सातव्या दिवशी दुआ झाली. गल्लीतल्या बायकांनी सोतो केला. पहिला घास घेतल्यावर चटईवर बसलेली सगळी माणसं एक क्षण थांबली आणि मग खाली मान घालून जेवू लागली. मीठ नव्हतं. लिक कोसिमनी वाटी खाली ठेवली. "तारमुजी असता," ते म्हणाले, "तर म्हणाला असता, उघाडी उघडा." कुणीतरी हसलं. मग लिक कोसिम उठून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

नवव्या दिवशी पत्र आलं. संदर्भ उपकरण जी-१ वार्षिक तपासणीसाठी अद्याप सादर झालेलं नाही, तरी ते सात दिवसांत सादर करावं, अन्यथा ताबाधारकावर कारवाई करण्यात येईल. मी मृत्यूचा दाखला घेऊन गेले. साठा विभागातला कारकून सभ्य होता. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं, मग फॉर्म काढला.

"हा दाखला माणसाचा आहे," तो म्हणाला. "उपकरणाचा नाही."

"ते एकत्रच होते."

"नोंदी वेगळ्या आहेत ना, म्बाक. हरवलं असेल तर पोलिसांचा कागद लागेल. मोडलं असेल तर अवशेष जमा करावे लागतील."

"हरवलं नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे."

"बरं झालं. कुठे आहे?"

"गावच्या कबरस्तानात. पूर्वेकडे, चाफ्याखाली."

त्यानं लिहिलं: 'सध्याचे ठिकाण: पूर्वेकडे, चाफ्याखाली.' मग थबकला. "परत मिळवणं शक्य आहे?"

मी नाही म्हटलं. त्यानं 'नाही' या चौकटीत खूण केली. फॉर्ममध्ये या प्रश्नासाठी तेवढीच जागा होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त लागलीही नसती.

तीन सदस्यांच्या समितीनं उपकरण बाद केलं. बाद करण्याच्या ठरावात माझ्या वडिलांचं पूर्ण नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा बरोबर लिहिलं गेलं. आणि ते उपकरण राहिले नाहीत, त्याच क्षणी उमेदवार होण्यास पात्र ठरले. हे बू पुर्वान्तींच्या लक्षात आलं, कारण त्यांचं त्या वर्षीचं उद्दिष्ट चारशे प्रमाणपत्रांचं होतं आणि तीनशे नव्व्याण्णव झाली होती. वर्ष संपायला चार दिवस होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"अनुभवाच्या आधारे थेट प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे," त्या म्हणाल्या. "फक्त उमेदवारानं आक्षेप घेता कामा नये."

"ते घेणार नाहीत."

"तारीख आपण आधीची घालू."

अशा रीतीनं बापाक शाश्वत मत्स्यसंवर्धनातले कुशल कामगार झाले. प्रमाणपत्रावर फोटो हवा होता. मी पट्टा लावलेल्या सदऱ्यातला दिला. गावच्या कचेरीनं नियम वाचला. भाडेपट्टा प्रमाणपत्र असलेल्यालाच द्यायचा, असं त्यात होतं. तो जिवंत असावा, असं नव्हतं. रमजानच्या आदल्या दिवशी दोन्ही तळी तारमुजी यांच्या नावे पुढच्या दहा वर्षांसाठी कायम झाली. हाजी मुक्सिननी हरकत घेतली. त्यांना पलीकडची चार तळी, न बुजवण्याच्या अटीवर, देऊन शांत करण्यात आलं. ती ज्या विधवेची होती ती पस्तीस वर्षं तळी सांभाळत होती, पण तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं आणि तिच्या नवऱ्याला जाऊन फार दिवस झाले होते.

मला तळ्यावर 'सहायक, अप्रमाणित' म्हणून काम करण्याची परवानगी आहे, मात्र प्रमाणित कामगाराच्या देखरेखीखाली. त्यासाठी रोज वही भरावी लागते. पहिला रकाना तारखेचा, दुसरा यंत्रावरच्या आकड्याचा, तिसरा 'पर्यवेक्षक उपस्थित होते काय?' मी रोज 'होय' लिहिते. या वहीत मी खोट्या नोंदी करते हे मान्य आहे, पण ती नोंद त्यांपैकी नाही.

खोटी नोंद दुसऱ्या रकान्यातली. जी-१ बाद झाल्यावर यंत्रं कशावर लावायची, असा प्रश्न आला. गालिहनं बाटली मागितली. त्याची बदली कोंबड्यांच्या विभागात झाली. मग आदेश निघाला, की सर्व यंत्रं शेवटच्या अचूक वाचनावर कायम करून स्क्रू लाखेनं बंद करावेत. तेव्हापासून जिल्ह्यातलं प्रत्येक यंत्र पंधरा दाखवतं. भर पावसाळ्यात, ओढे तळ्यात शिरलेले असताना, पंधरा. लिक कोसिमनी एकदा ते पावसाच्या बादलीत बुडवून पाहिलं, पंधरा. मग कॉफीत. "बघ, विनार," ते म्हणाले, "लग्नघरची कॉफी."

आम्ही जुनी माणसं अजून चाखतो. इकडेतिकडे बघून, ओंजळीनं. पाणी मयताघरचं झालं की उघाडी उघडतो, समुद्र आत घेतो आणि वहीत पंधरा लिहितो. नव्या प्रमाणित कामगारांना मात्र चाखायला शिकवलेलंच नाही, आणि यंत्र पंधरा म्हणतं तर उघाडी उघडायची कशाला? त्यांच्या तळ्यांत पाणी गोडं होतं, निळंहिरवं शेवाळ माजतं, मासा जगतो, वाढतो, वजनाला भरतो. फक्त त्याच्या मांसाला चिखलाचा वास लागतो. वासाचा रकाना वहीत नाही. हाजी मुक्सिनना यंदा आदर्श तळेवाल्याचा पुरस्कार मिळाला, कारण त्यांच्या वहीत वर्षभर एकही आकडा बदलला नव्हता.

शीतगृहात सगळ्यांचा मासा एकत्र होतो. माझा, लिक कोसिमचा, हाजी मुक्सिनचा. मग तो स्वच्छ होतो, गोठतो, आणि पाकिटात बसून दूर दूर जातो. पाकिटावर हिरवं पान असतं, आणि त्याखाली: 'प्रमाणित कुशल कामगाराच्या देखरेखीखाली वाढवलेला.' यंदापासून एका कामगाराचा फोटोही छापतात. सदऱ्याच्या खिशावर चांदीचा पट्टा लावलेला म्हातारा. चेहरा बरा आला आहे.

तो मासा कदाचित तुमच्या ताटातही आला असेल. पहिल्या घासाला तुम्ही थांबलात. काहीतरी चिखलासारखं, साचल्यासारखं जिभेला लागलं. घास तोंडात तसाच धरून तुम्ही एक क्षण विचार केलात. तेवढ्या एका क्षणापुरते तुम्ही माझ्या वडिलांच्या अगदी जवळ होतात. मग तुम्ही उठून पाकीट उलटं करून पाहिलंत. हिरवं पान होतं, प्रमाणपत्राचा क्रमांक होता, त्यांचा फोटो होता.

आणि तुम्ही घास गिळलात.